भरलेला बन : प्रमाण, ओलावा आणि सबुरी

बँकेच्या नोकरीत बदली ही नित्याची बाब आहे. आदेश हाती पडला की सामानाची बांधाबांध करावयाची आणि नव्या गावी रुजू व्हावयाचे, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु बदली नोकरदाराची होते, तशीच ती त्याच्या घरातील माणसांचीही होते. आणि त्यांच्यासाठी तिथे कोणतीही शाखा, कोणतेही टेबल वाट पाहत नसते. काही वर्षांपूर्वी माझी बदली कोल्हापूरहून बंगळूरु येथील जयनगरात झाली. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले होते, म्हणून आईला सोबत आणले. मी सकाळी नऊला घराबाहेर पडे आणि परतावयास साडेसात वाजत. एवढ्या दीर्घ दिवसात कन्नडचा एक शब्दही न येणारी आई कोणाशी बोलत असेल, ही रुखरुख मला व्हाउचरे तपासतानाही सोडत नसे.

तिचे हे मौन पुढे एका खाद्यपदार्थाने सोडवले. तो पदार्थ म्हणजे बटाट्याची भाजी भरलेला, भट्टीत भाजलेला बन. हा बन घरच्या घरी कसा करावा, तो का फुगतो, का फसतो आणि त्यामागे कोणती तत्त्वे आहेत, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'मोट्टे इल्ला'

जयनगर ही स्वातंत्र्यानंतर आखीवरेखीव पद्धतीने वसवलेली वसाहत. १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्घाटन झालेला अशोक स्तंभ तिच्या प्रवेशद्वाराशी आजही उभा आहे. क्रमांकांनी ओळखले जाणारे ब्लॉक, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि चार रस्ते ओलांडले की एखादी अय्यंगार बेकरी, असे या भागाचे रूप आहे. सायंकाळी पाचच्या सुमारास या बेकऱ्यांतून ताज्या बनाचा वास रस्त्यावर येतो आणि काउंटरपुढे उभ्यानेच खाणाऱ्यांची दाटी होते.

आईने आयुष्यात बेकरीचा पदार्थ क्वचितच खाल्ला होता. 'त्यात अंडे असते' ही एक शंका आणि 'पाव पायाने तुडवतात' ही दुसरी. एका रविवारी समोरच्या घरातील कन्नड आजींनी तिला हाताला धरून बेकरीत नेले आणि काउंटरवरील मुलाकडून वदवून घेतले, "मोट्टे इल्ला." अंडे नाही! आईने शिकलेले हे पहिले कन्नड वाक्य. दुसरा शब्द तिने थोडा चटका सोसून आत्मसात केला. फळीवरील 'खारा बन' हे नाव मी तिला वाचून दाखवले, तेव्हा तो खारट असेल अशी तिची समजूत झाली. कन्नडमध्ये 'खारा' म्हणजे तिखट. हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता आणि शेपू घातलेला तो बन खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र शेपूचा वास ओळखताच चेहऱ्यावर समाधानही उमटले. त्याच फळीवर 'पल्य बन' होता. पल्य म्हणजे भाजी. तो तिला अधिक आवडला, आणि घरी येताच तिने विचारले, "हा आपल्याला घरी नाही का करता येणार?"

पावाचा वाद आणि बंगळूरुची बेकरी

आईची शंका तिच्या एकटीची नव्हती. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा पायाशी काही संबंध नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्यासोबत पाव भाजण्याची कला पश्चिम किनाऱ्यावर रुजली. गोव्यातील पोदेर पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर वापरीत. परकीयांचे अन्न, त्यात माडीचे आंबवण, यामुळे सनातनी घरांत पाव निषिद्ध ठरला. तो इतका, की १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदी सुधारकांनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिबंधन झुगारल्याची ती कसोटी होती. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त कसे घ्यावे लागले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या पार्श्वभूमीवर बंगळूरुची कथा लक्षणीय वाटते. येथे १८०९ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि छावणीला पाव लागत असे. १८९८ मध्ये, म्हणजे पुण्यातील त्या वादानंतर अवघ्या आठ वर्षांनी, हासन भागातून आलेल्या तिरुमलाचार यांच्या वैष्णव ब्राह्मण कुटुंबाने चिक्कपेटेत 'बंगळूरु ब्रदर्स बेकरी' सुरू केली. एका इंग्रज गृहस्थाकडून त्यांनी ही कला शिकून घेतली, अशी आठवण सांगितली जाते. त्यांनी पाव स्वीकारला, पण आपल्या अटींवर! अंडे वगळले, आत मिरची-कोथिंबीर घातली, बटाट्याचे पल्य भरले. पुढे हासनकडील अनेक कुटुंबे या व्यवसायात उतरली आणि 'अय्यंगार बेकरी' हे शहराच्या ओळखीचे नाव झाले. जे अन्न एका ठिकाणी प्रायश्चित्ताचे कारण ठरले, तेच दुसऱ्या ठिकाणी सोवळ्या घराची उपजीविका बनले. हा इतिहास आईला सांगितला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे शिकून घेतलं की परकं राहत नाही."

टक्केवारीची पाककृती

बेकरीचे शास्त्र शिकताना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास एक सुखद धक्का बसतो. येथील सर्व हिशेब टक्क्यांत असतो. मैदा म्हणजे मुद्दल, ते नेहमी १०० टक्के धरावयाचे आणि उरलेल्या प्रत्येक जिन्नसाचे वजन मैद्याच्या प्रमाणात मोजावयाचे. भरलेल्या बनासाठी अनेक प्रयोगांनंतर आमच्या घरी स्थिरावलेले प्रमाण असे आहे :

मैदा : ५०० ग्रॅम (१०० टक्के)
दूध व पाणी समप्रमाणात, एकूण : ३१० ग्रॅम (६२ टक्के)
तेल किंवा मऊ लोणी : ४० ग्रॅम (८ टक्के)
साखर : २५ ग्रॅम (५ टक्के)
मीठ : ९ ग्रॅम (१.८ टक्के)
कोरडे इन्स्टंट यीस्ट : ५ ग्रॅम (१ टक्का)

एकूण वजन ८८९ ग्रॅम, म्हणजेच १७७.८ टक्के. यात साधारण ६३ ग्रॅमचे १४ गोळे होतात. ही पद्धत एकदा समजली की पाककृती पाठ करावी लागत नाही. समजा, पाहुणे येणार आहेत आणि २० बन हवे आहेत. २० गुणिले ६३ म्हणजे १,२६० ग्रॅम पीठ, त्यास १.७७८ ने भागले की सुमारे ७१० ग्रॅम मैदा लागेल हे उत्तर मिळते आणि उरलेले जिन्नस त्यावरून ठरतात. ताजे यीस्ट वापरावयाचे असल्यास ते कोरड्याच्या सुमारे तिप्पट घ्यावे. मैद्याचा चौथा हिस्सा कणीक घातली तरी चालते. मात्र कणीक पाणी अधिक शोषते, म्हणून दोन-तीन चमचे पाणी वाढवावे. वाटी-चमच्याच्या अंदाजाऐवजी वजनकाटा वापरावा, असा आग्रह धरण्याचे कारण एवढेच की दाबून भरलेली आणि सैल भरलेली वाटी यांच्यात बराच फरक पडतो, आणि आज चांगला झालेला बन पुढच्या रविवारी तसाच का झाला नाही, याचा शोध मग लागत नाही.

पीठ का फुगते ?

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि पीठ तिंबले की ती एकमेकांत गुंफली जाऊन ग्लूटेनचे लवचीक जाळे तयार होते. ज्वारी वा तांदळाच्या पिठात असे जाळे होत नाही, म्हणून भाकरी फुगली तरी तिचा पाव होत नाही. यीस्ट, म्हणजे किण्व, ही एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातील साखर खाते आणि कर्बवायू व अल्प प्रमाणात मद्यार्क सोडते. कर्बवायू जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. मद्यार्काचा बहुतांश भाग भाजताना उडून जातो.

ही प्रक्रिया आईला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. इडलीचे पीठ, ढोकळा, विरजण यांचा तिला पन्नास वर्षांचा अनुभव होता, आणि अनारशासाठी तीन दिवस तांदूळ भिजत घालणाऱ्या बाईला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. नवीन होते ते एवढेच, की हे सजीव किण्व उष्णतेबाबत हळवे असते. साधारण २७ ते ३५ अंश सेल्सिअसला ते उत्साहाने काम करते. थंडीत मंदावते आणि ५५ ते ६० अंशांच्या पुढे मरते. म्हणून दूध तापवून कोमट होऊ द्यावे. त्यात बोट बुडवले असता ते अंगाला ऊबदार वाटावे, चटका बसू नये.

मैदा, यीस्ट, साखर व मीठ एकत्र करून त्यात दूध-पाणी घालावे आणि गोळा जमला की तेल मिसळावे. नंतर १० ते १२ मिनिटे ओट्यावर चांगले तिंबावे. आरंभी पीठ हाताला चिकटते. तेव्हा वरून मैदा पेरण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण त्यामुळे प्रमाण बिघडते. तिंबत गेले की चिकटपणा आपोआप कमी होतो. पिठाचा लहानसा तुकडा बोटांनी हळूहळू ताणला असता न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला, तर जाळे तयार झाले असे समजावे. मग तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून ठेवावे आणि दुप्पट होऊ द्यावे.

याला किती वेळ लागतो ? पुस्तके म्हणतात एक तास. बंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असून येथील डिसेंबरच्या रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरतात. एप्रिलमध्ये तासाभरात फुगणारे पीठ त्या दिवसांत दोन तास, कधी अधिकही घेते. तेव्हा घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. पिठात बोट रोवून काढले असता खळगा तसाच राहिला तर पीठ तयार आहे. खळगा लगेच भरून आला तर अजून अवकाश आहे. आणि सारे पीठच खाली बसले तर वेळ टळून गेली आहे.

सारणातील ओलावा

भरलेला बन बिघडतो तो बहुधा सारणामुळे. साध्या पावातील पाणी भाजताना वाफ होऊन बाहेर पडते. सारणातील पाण्याला मात्र वाट मिळत नाही. ते वाफ होऊन एक तर पारी फोडते किंवा तळाशी जिरून बन ओलसर व कच्चट ठेवते. म्हणून सारण जितके कोरडे, तितका बन चांगला.

वर दिलेल्या प्रमाणासाठी ४५० ग्रॅम बटाटे सालासकट उकडावेत, म्हणजे ते पाणी कमी पितात. सोलून, कुस्करून ते ताटात पसरावेत व वाफ जाऊ द्यावी. दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, चार-पाच हिरव्या मिरच्या व हळद घालून १५० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा त्याचे पाणी आटेपर्यंत परतावा. मग बटाटा, मीठ व कोथिंबीर घालावी आणि शेवटी थोडा लिंबाचा रस. शेपू आवडत असल्यास मूठभर चिरून घालावा. कोबी वापरावयाचा असल्यास त्यास मीठ लावून पिळून घ्यावे. टोमॅटो शक्यतो टाळावा. सारणाची चव किंचित चढी ठेवावी, कारण भोवतालच्या पावामुळे ती सौम्य होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारण पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. गरम सारणाची वाफ पारीला आतून भिजवते आणि लगतच्या पिठातील किण्वही दुबळे करते.

भरणे, फुगणे, भाजणे

फुगलेले पीठ हलके दाबून त्याचे १४ गोळे करावेत आणि ओल्या कापडाखाली १० मिनिटे ठेवावेत, म्हणजे ताणलेले जाळे सैलावते. नंतर प्रत्येक गोळ्याची तळहाताएवढी पारी करावी. पारी मध्यभागी जाड व कडेला पातळ असावी. कडा वर गोळा होतात तेव्हा त्यांची जाडी वाढते, म्हणून त्या आधीच पातळ ठेवावयाच्या. सुमारे ४० ग्रॅम सारण ठेवून कडा मोदकासारख्या वर घ्याव्यात आणि घट्ट चिमटाव्यात. कडांना तेल वा सारण लागू देऊ नये, अन्यथा त्या चिकटत नाहीत. सांधा खाली येईल अशा रीतीने बन ताटात ठेवावेत. दोन बनांत दोन बोटांचे अंतर असावे.

आता दुसरी प्रतीक्षा. ओले कापड झाकून ३० ते ४० मिनिटे, थंडीत तासभर. बन दिसावयास हलके आणि स्पर्शाला मऊ झाले की वरून दुधाचा हात फिरवावा. तोपर्यंत ओव्हन १९० अंशांवर १५ मिनिटे तापवलेला असावा. बेकरीची विटांची भट्टी उष्णता धरून ठेवते, तर आपल्या ओटीजीचे दार उघडताच ती झपाट्याने कमी होते. म्हणून आधी तापवणे आणि मध्येच दार न उघडणे, या दोन्ही गोष्टी पाळाव्यात. मधल्या फळीवर १८ ते २० मिनिटांत बन सोनेरी तपकिरी होतात. बन उचलून तळाशी टिचकी मारल्यास पोकळ आवाज यावा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी व झाकण ठेवून मंद आंचेवर भाजता येतात. मात्र उष्णता खालून येत असल्याने वेळ अधिक लागतो व वरचा रंग फिका राहतो.

बाहेर काढताच लोण्याचा हात फिरवावा आणि जाळीवर १५ मिनिटे निवू द्यावेत. आतील पिष्ठ निवतानाच नीट बसते, त्यामुळे गरम बन लगेच कापल्यास तो चिकट लागतो. बटाट्याचे सारण ओलसर असल्याने बन त्याच दिवशी संपवावेत. उरल्यास पूर्ण निवल्यावर डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावेत व खाण्यापूर्वी पुन्हा नीट तापवावेत. फ्रीजच्या साध्या कप्प्यात पाव लवकर कडक होतो.

चुकांचा ताळेबंद

आमचे पहिले बन दगडासारखे झाले, कारण घाईत मी दूध गरमच ओतले होते. दुसऱ्या खेपेस कांदा कच्चा घातला आणि तळ भिजले. तिसऱ्या खेपेस डिसेंबर होता, मला झोपण्याची घाई होती आणि पीठ पुरते फुगण्याआधीच मी बन ओव्हनमध्ये ढकलले. ते सर्व बाजूंनी फुटले. त्या रात्री मी चिडून म्हणाले, "राहू दे, चार पावलांवर बेकरी आहे." आई फुटलेला बन हातात फिरवून पाहत राहिली. "यांना वेळ दिला नाही आपण," ती म्हणाली, "आणि पारी तू पुरणपोळीसारखी सगळीकडे सारखी करतेस. ती नंतर लाटायची असते, हा लाटायचा नाही." कडा पातळ ठेवण्याची जी सूचना वर दिली आहे, ती तिची आहे.

पुढच्या रविवारी तिने सर्व काही स्वतः केले. मी केवळ वजनकाट्यावरचे आकडे वाचून दाखवले. चौदापैकी तेरा बन चांगले झाले. त्यातील चार ताटलीत घालून ती समोरच्या आजींकडे गेली. दाराशीच तिने सांगितले, "मोट्टे इल्ला." आजी मोठ्याने हसल्या आणि त्यांनी तिला आत बोलावले. त्या दिवशी आई दीड तासाने परत आली. दोघींचे काय बोलणे झाले आणि कोणत्या भाषेत, हे मी विचारले नाही.

आता दर रविवारी आमच्या घरी मैदा भिजतो. कधी सारण आजींचे असते, कधी आईचे. कोल्हापूरच्या मावशीने फोनवर कृती विचारली तेव्हा आईने वहीत टक्के लिहून घेतले आणि वाचून दाखवले. त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली होती, 'तिकडे उकाडा आहे, पीठ लवकर येईल, लक्ष ठेव.' बदलीच्या गावी रुजू होण्यास प्रत्येकाला आपला असा वेळ लागतो. माझे काम पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही करताच सुरू झाले. आईला पाच महिने लागले. वाचकांनी एखाद्या मोकळ्या रविवारी, हाती पुरेसा वेळ ठेवून, हा बन अवश्य करून पाहावा. आणि चौदातील दोन-चार शेजारी पाठवावेत.